कान्हूच्या श्वासाची नोंद

पेणचे दत्तात्रेय रोज गाडीने रोह्याला जात आणि तिथल्या एका रसायन कारखान्याचा संगणक सांभाळत. वृत्तीने काटेकोर. संगणकातला प्रत्येक बदल यंत्र स्वतःच लॉग नावाच्या वेगळ्या नोंदवहीत टिपून ठेवी. डिस्क बिघडलीच, तर रविवारची बॅकअप टेप लावायची आणि पुढचे बदल लॉगमधून तिच्यावर पुन्हा उतरवायचे, की गेलेले सारे उभे राही. या व्यवस्थेवर दत्तात्रेयांची श्रद्धा होती.

१९९८च्या फेब्रुवारीत कामगारांच्या बारा वर्षांच्या आरोग्य-तपासण्या फ्लॉपींवरून संगणकात चढवायच्या होत्या. लॉग लिहीत गेल्यास सारा दिवस गेला असता. तो थांबवला तर तासाभराचे काम. दत्तात्रेयांनी तो थांबवला. अशा कामानंतर लगेच नवी टेप घ्यावी लागते, हे त्यांना ठाऊक होते. पण तो मंगळवार होता, पेणची गाडी सुटायच्या बेतात होती. रविवारी टेप होणारच, असे मनाशी म्हणून ते उठले. फ्लॉपी पुसून दुसऱ्या कामाला गेल्या. तपासण्यांचे मूळ कागदी तक्ते नेहमीच्या रद्दीच्या रिवाजाने पेणजवळच्या जोह्याला, सरूबाईंच्या मूर्तिशाळेत गणपतींच्या कागदी लगद्यासाठी रवाना झाले. गोणी बसवर चढवली ती दत्तात्रेयांनीच.

शुक्रवारी डिस्क बिघडली. टेप लावली, लॉग चालवला; बाकी सारे अखेरच्या क्षणापर्यंत परतले. आरोग्याच्या नोंदी मात्र वाचता येईनात. लॉग थांबवला तरी जागेची खूण तेवढी तो ठेवी; इथे काहीतरी लिहिले गेले, एवढेच त्याला ठाऊक होते. काय, ते नव्हे.

आणि सोमवारी कारखान्याच्या डॉक्टरांपुढे कान्हूचा निकाल व्हायचा होता. पूर्वी मिठागरावर राबलेला कान्हू बारा वर्षे आम्लाच्या खात्यात होता. आता चार पावलांत त्याला धाप लागे. तपासणीच्या नळीत मोजलेली त्याची फुंकर वर्षागणिक घटत गेल्याचे दिसले, तरच आजार कामाचा ठरून त्याचे खाते बदलणार होते. एरवी दोष त्याच्या विडीचा ठरणार.

शनिवारी दत्तात्रेय जोह्याला गेले. सरूबाईंनी पिंपाकडे बोट दाखवले. गोणी आली तशी भिजत घातली होती. साच्यातून नुकत्याच निघालेल्या एका मूर्तीच्या पाठीवर अर्धा आकडा दिसत होता, नाव नव्हते. दत्तात्रेयांनी हात जोडले आणि ते परतले.

रविवारी खाडीकाठी कान्हूच्या ओटीवर बसून त्यांनी सारे सांगितले, स्वतःची चूकही.

"म्हंजे बारा वर्सं नळीत फुंकलं, त्यातलं काय नाय ऱ्हायलं?" कान्हूने विचारले.

"यंत्रालाबी धाप लागली व्हय, सायेब?" आतून त्याची बायको बायजाबाई म्हणाली. 

सोमवारी दत्तात्रेयांनी डॉक्टरांपुढे लेखी निवेदन ठेवले: नोंदी होत्या, लॉग मी थांबवला, टेप मी घेतली नाही, पुरावा नसणे हा कान्हूचा दोष नव्हे. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. आकड्यांवाचून मला ठरवता येणार नाही, ते म्हणाले. आजपासून नव्याने मोजू, वर्षभराने पाहू.

कान्हूने नळीत फुंकले. दत्तात्रेयांनी आकडा संगणकात घातला, कागदावर उतरवला, आणि लगोलग टेप लावली. टेप फिरत असता पेणची गाडी निघून गेली. खिडकीतून कान्हू दिसत होता. मध्ये दोनदा थांबत तो आम्लाच्या खात्याकडे शिफ्टला चालला होता.