वीरपत्नीची हळद

आमच्या थोरल्या जाऊबाईंना शाल मिळाली नाही असा कार्यक्रम गावात उरला नव्हता. पंधरा ऑगस्टला शाल, सव्वीस जानेवारीला शाल, पतसंस्थेचं उद्घाटन असलं तरी शाल. माझे थोरले दीर फौजेत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सीमेवरच्या लढाईत ते गेले, आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक स्टेजला शोभा आणायचं काम जाऊबाईंकडं आलं.

शाली तरी कसल्या! थंडीत पांघरली तर हुडहुडी वाढावी. आम्ही नाशिकच्या वेशीवर भाजी-फुलं पिकवणारी माणसं. शेवटी त्या शाली ओल्या करून झेंडू भरलेल्या क्रेटवर टाकायला लागलो, मार्केटला जाईपर्यंत फुलं टवटवीत राहायची. सत्काराचे हारही आमच्याच झेंडूचे असायचे. सकाळी आम्ही फुलं विकायची आणि दुपारी तीच गळ्यात घालून जाऊबाई घरी यायच्या.

दीर गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. देवळाली कॅम्पातून लष्कराची गाडी आली, तिरंग्यातली पेटी खाली उतरली. जवानांनी हवेत फैरी झाडल्या तशी माझी पुतणी, चौथीतली पोर, माझ्या पदरात शिरली. म्हणाली, "काकू, एवढ्या आवाजानं पप्पांना जाग येईल ना?" मी पदरानं तिचे कान झाकले. चुलत सासऱ्यांनी मात्र तिथंच भाषण ठोकलं. ते आमच्या भावकीत वडीलधारे आणि गावचे पुढारी. "आजपासून ही आमची सून नाही, साऱ्या देशाची लेक आहे," असं ते म्हणाले तेव्हा मीही ढसाढसा रडले. खोटं कशाला बोलू?

मग सत्कार सुरू झाले. स्टेजवरच्या पाहुण्यांना ओवाळायला शाळेतल्या मुली असायच्या. ओळीनं कुंकू लावत यायच्या आणि जाऊबाईंसमोर आल्या की ताट तसंच पुढं सरकायचं. मुलींना कुणीतरी आधीच बजावलेलं असायचं, विधवेला कुंकू लावत नसतात म्हणून. जाऊबाई मान खाली घालून मांडीवरच्या नारळाची शेंडी चाचपत बसायच्या. आणि लगेच माइकवरून त्यांच्या थोर त्यागाचं वर्णन सुरू व्हायचं.

अशी दहाएक वर्षं गेली आणि पुतणीचं लग्न ठरलं. जाऊबाईंनी तोवर कुणाकडं म्हणून काही मागितलं नव्हतं. एक दिवस मेथीच्या गड्ड्या बांधता बांधता मला म्हणाल्या, "मला एकच हौस हाय गं. पोरीला पहिली हळद मी लावणार."

"लावा की. तुमचीच पोर."

"लावू देतील?"

"कोण अडवतंय तेच बघते!" मी म्हटलं. बोलण्यात मी पहिल्यापासून लय शूर.

अडवलंच. हळदीच्या दिवशी जाऊबाईंनी वाटीत बोटं बुडवली, तोच चुलत सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "तू नको गं बाई. सवाशिणींचं काम हाय हे. पोरीच्या चांगल्यासाठीच म्हनते." मी तोंड उघडलं, तर चुलत सासरे मला म्हणाले, "धाकटे, रीत हाय ती. आपण तिचा मान कधी कमी केलाय का?" खरंच की, शाली ठेवायला घरात जागा नव्हती. जाऊबाईंनी बोटं पदराला पुसली आणि भात झाला का बघायला आत निघून गेल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण भरल्या मांडवात तमाशा नको म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न. आमच्याकडं पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, आणि ते आले की मंगलाष्टकांआधी सत्कार हे ठरलेलं. मुहूर्त टळला तर चालतो, सत्कार टळून चालत नाही. चुलत सासऱ्यांनी भारी खटपट करून एक बडे पाहुणे आणले होते. स्टेजवर हार झाले, फेटे झाले, आणि माइकवाला ओरडला, "आता पाहुण्यांच्या हस्ते वीरपत्नींचा सन्मान! त्यांनी कृपया स्टेजवर यावं!"

जाऊबाई नवरीच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत. माइकवाल्यानं पुन्हा पुकारलं, तरी नाही. मग चुलत सासरे घाम पुसत धावत आले, मागून चुलत सासूबाई.

"अगं चल, चल. पाहुणे शाल घेऊन उभे हायेत."

"मी नाय येत, मामंजी. मांडवात विधवेचा पाय नको. पोरीच्या चांगल्यासाठीच म्हनते."

मामंजींचं तोंड बघण्यासारखं झालं. "सगळ्या तालुक्यासमोर माझी अब्रू घालवतेस का?"

"मग आधी हळद लावू द्या."

"आत्ता? नवरी नटून बसलीय!"

"आत्ताच."

चुलत सासूबाई काही बोलायला पुढं झाल्या, तर ते त्यांच्यावरच खेकसले, "तू गप बस गं! लावू दे तिला!" पिढ्यानपिढ्यांची रीत, पण बाहेर पाहुणा ताटकळला तशी गेली की हो मोडीत!

मी पळत जाऊन भटजींच्या ताटातली हळदच उचलली. ते "अहो, अहो" करत राहिले. पाणी शोधायला वेळ कुणाला होता? मेकअपवालीच्या गुलाबपाण्यात कालवली. ती बिचारी "मॅडम, सगळा मेकअप जाईल हो" म्हणून कळवळली. जाईना का!

पोरीच्या उजव्या गालावर जाऊबाईंनी हळद लावली, आणि मला हुंदका आवरेना. बाहेर माइकवाला पुन्हा सुरू झाला, "वीरपत्नींनी त्वरित यावं, मान्यवर खोळंबले आहेत!"

"झालं ना? चल आता," मामंजी दारातून म्हणाले.

"थांबा आबा," पुतणी म्हणाली. तिनं आईचा हात धरून ठेवला आणि दुसरा गाल पुढं केला.

"आई, पप्पांच्या वाटची राहिली."