पानाच्या काखेतली धूळ

चंद्रावतीने तीस वर्षं गणपतीचे डोळे आखले. मिठागरात राबणाऱ्यांच्या घरातली ही मुलगी लग्न होऊन पेणला, आमच्या रामवाडीत आली आणि आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या मूर्तींच्या कारखान्यात कामाला लागली. गेल्या वर्षी मालकांनी तिला गोड बोलून घरी बसवलं. आता डोळ्यांना आराम द्या म्हणे. मला त्या माणसाचा अजून राग येतो. अठ्ठावन्न हे काय माणूस मोडीत काढायचं वय आहे?

महिनाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मग सून दिपिकाने कुठून तरी जाड पानांचं एक सक्युलंट आणलं. गळलेलं पान मातीवर नुसतं ठेवलं तरी त्याला मुळं फुटतात हे पाहून बाई हरखल्या. वर्षभरात गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि एक दिवस रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीने ऑफिससाठी साठ कुंड्या मागितल्या. चंद्रावती मला म्हणाली की हे जमलं तर हेच आपलं काम, नाय जमलं तर घरात बसून लसूण सोलायची.

झाडं द्यायला तीन आठवडे उरले आणि पानांवर पांढरं काहीतरी दिसायला लागलं. मी दत्तात्रेय, वरच्या मजल्यावरचा शेजारी, रोह्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. साहजिकच मला बोलावलं. मी चष्मा लावला आणि ऐटीत सांगितलं की ही खालच्या कारखान्यातली प्लास्टरची धूळ. आमच्या इमारतीत चहावरसुद्धा ती धूळ बसते, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. दिपिकाने एकाच फडक्याने सगळी झाडं पुसली. चार दिवसांत पांढरं दुप्पट झालं.

तेव्हा चंद्रावती एक कुंडी मांडीवर घेऊन दुपारभर बसली. संध्याकाळी माझं दार वाजलं.

"सर, धूळ वरून पडते. ही पानाच्या काखेत बसलेली हाय. आन धुळीला मुंग्या कशाला लागतील?"

तिने सुईच्या टोकाने एक पांढरा ठिपका कागदावर घेतला आणि नखाने दाबला. कागदावर पिवळट ओल उमटली. पिठ्या ढेकूण! ही कीड पानांतला रस शोषते आणि तिच्या गोड चिकट्यावर मुंग्या येतात, हे मी वीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असावं, कारण ती हसली.

मग तिने आखणीचा बारीक ब्रश काढला. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहिली, पान डागाळलं नाही तेव्हाच पुढे गेली. लागण झालेल्या एकवीस कुंड्या जिन्यात, उन्हापासून लांब नेल्या. प्रत्येक सांध्यात ब्रश फिरवला. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात म्हणून आठवड्याने पुन्हा, मग आणखी एकदा. मुळंही उपसून पाहिली. दिपिका प्रेमाने रोज पाणी घालायची, ते बंद झालं. कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर आलं. बाहेरून आलेलं नवं झाड पंधरा दिवस एकटं ठेवायचं, असा नियम झाला. त्या कोपऱ्याला ती बाळंतिणीची खोली म्हणते. दोन झाडं मात्र वाचली नाहीत. ती पिशवीत बांधून टाकताना बाई शिव्या देत होत्या, कोणाला ते विचारायची माझी छाती झाली नाही.

साठ कुंड्या टेम्पोत चढल्या तेव्हा सासू-सुनेबरोबर मीही न बोलावता चढलो. धाटावला जितेश नावाच्या अधिकाऱ्याने खिडकीतली जागा दाखवली. तिथे आधीची चार झाडं होती. चंद्रावतीने त्यातलं एक पान उचलून पाहिलं आणि हातातला ट्रे जमिनीवर ठेवला.

"साहेब, आधी ही चार भायेर न्या. नायतर माझी साठ मी परत नेते."

जितेश वैतागला. कंपनीत धूळ असायचीच, म्हणाला. दिपिकाने माझा दंड घट्ट धरला. हातची ऑर्डर चालली होती आणि बाई जागच्या हलत नव्हत्या. चंद्रावतीने शांतपणे एक ठिपका पांढऱ्या कागदावर दाबून त्याच्यापुढे धरला. टेबलं सोडून माणसं जमली. जितेशने कागद दोनदा पाहिला, मग ती चारही झाडं स्वतः उचलून बाहेर नेली. परत आल्यावर त्याने विचारलं की कॅन्टीन धरून सगळ्या कंपनीतली झाडं दर महिन्याला तपासायला याल का.

"येईन. पण गेटवरचा पास माझ्या नावाचा करा, सुनेच्या नाय."

परतीच्या वाटेवर टेम्पोत तिने तो पास आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. चंद्रावती हिरामण म्हात्रे, झाडांची तपासणी. तीस वर्षांच्या नोकरीत तिचं नाव असलेला एकही कागद तिला मिळाला नव्हता. ती पुन्हा वाचायला लागली, आणि आम्ही पुन्हा ऐकलं.