म्हशीचं न्हाय

खरं सांगते, हे लिहिणारच नव्हते. राजश्री म्हणाली, "कशाला लिहितीस, माझीच लाज जाईल की." दोनदा लिहून पुसलं. मग तीच म्हणाली, लिही बाई, मला तर बोलताच येईना झालंय.

राजश्री माझी मैत्रीण, करमाळ्याकडची. बीसीए झाली आणि जुळे सोलापुरात एक खोली घेऊन पोरांना ऑनलाइन कोडिंग शिकवायला लागली. जाहिरातीत लिहिलंय, "कोडिंगमधून कल्पकता". कंपनी पुण्याची, तिनं ऑफिस अजून पाहिलेलं नाही. पोरंसुद्धा नुसती स्क्रीनवरच्या चौकोनातली.

तिचं शिकवणं म्हणजे बोलत सुटणं. "मांजराला भूक हाय का? व्हय म्हणलं तर दूध द्या, न्हाय म्हणलं तर पळवा." झाली कोडिंगमधली जर-तरची अट शिकवून. पोरं हसून लोळायची.

सगळ्यात जास्त हसायची शिवलीला. नऊ वर्षांची, अक्कलकोटची. घरात कानडी, शाळा इंग्रजी, त्यामुळं तिचं बरंचसं मराठी राजश्रीकडूनच आलेलं. तिनं एक गेम केला. रस्त्यात म्हैस बसलीय, मागं एसटी अडकलीय. क्लिक केलं की म्हैस शिवलीलाच्याच आवाजात म्हणते, "न्हाय." गवत दिलं, "न्हाय." पाणी दाखवलं, "न्हाय." कानामागं खाजवलं की मग "व्हय" म्हणून उठते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. राजश्री दिवसभर तोच गेम खेळत बसली.

तेवढ्यात कंपनीचं वार्षिक प्रदर्शन आलं. ज्या शिकवणारीच्या एका तरी पोराचा गेम निवडला जाईल, तिचंच काम पुढं चालू राहणार. काम सुटलं तर राजश्रीला गावी जावं लागणार होतं, आणि गावी स्थळ बघून ठेवलेलं. म्हशीचा गेम निवडला गेला, आणि कंपनीतल्या तपासणीवाल्या मॅडमचा फोन आला.

"गेम क्यूट आहे, पण ते न्हाय, व्हय काढा. पालक बघणारेत. शुद्ध हवं."

"मॅडम, म्हैस हाय ती."

"आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचंही बोलणं जरा बघा. संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर मी दुसरा गेम घेते."

राजश्रीनं शिवलीलाला व्हिडिओ कॉल लावला.

"न्हायच्या जागी नाही म्हणून रेकॉर्ड कर बरं."

"का? म्हैस न्हायच म्हणती की."

"ते चुकीचं आहे."

"तुमी पण म्हणता की मॅडम."

इथं राजश्री काहीपण बोलू शकली असती. तपासणीवाल्या मॅडमचं नाव पुढं करू शकली असती. ती म्हणाली, "मग माझं पण चुकतं."

पोरीनं विचारलं, "मग मला चुकीचं का शिकवलं?"

राजश्रीनं रेकॉर्डिंग चालू करायला सांगितलं. शिवलीलानं रेकॉर्ड केलं, तीन वेळा "नाही", एकदा "हो". शाळेत हजेरी देतात तसा आवाज.

प्रदर्शनात टाळ्या पडल्या. शिवलीलाला सर्टिफिकेट मिळालं, राजश्रीचं काम टिकलं. मॅडमचा मेसेज आला, "भाषेत छान सुधारणा."

तेव्हापासून शिवलीलाचा कॅमेरा बंद. काही विचारलं की टाइप करून उत्तर देते. नवा गेम एक नाही. एकदा राजश्रीनं मुद्दाम तिला हसवायला म्हणलं, "काय शिवलीला, मांजराला भूक हाय का?" बाकीची पोरं हसली. काळ्या चौकोनाखाली अक्षरं उमटली, "मॅडम, हाय नाही, आहे."

राजश्रीनं क्लास पुरा केला आणि लॅपटॉप मिटला. अक्कलकोट तासाभरावर हाय, पण चार रविवार गेले, ती निघत नाही. म्हणते, "जाऊन काय बोलू? ती माझं बोलणंच तपासंल."

तपासू दे की. तिला मी आज पण सांगून आलेय. आणि तुमच्यातपण कुणी एखाद्या बारक्या पोराला बोलणं दुरुस्त करून गप्प केलं असंल, तर मेसेज नका करू. त्या पोराच्या दारात जाऊन बसा, ते बोलंल तसं ऐका. आणि जरा लवकर जा, ही पोरं भराभर मोठी होतात.