पिंप्राळ्यातलं ओटीपीचं ठाणं

पिंप्राळ्यात कमलबाईंच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांच्या वरच्या फळीवर फोनांची एक रांग आहे. त्यातला एकही त्यांचा नाही. कॉलनीतली जी पोरं परदेशी गेली, त्यांचे हे जुने नंबर. नव्या देशात पाऊल ठेवलं की तिथला नंबर घ्यावाच लागतो; पण इथली बँक आणि इथलं सरकार ओटीपी पाठवणार तो जुन्याच नंबरावर. तो वाचून सांगायला कुणीतरी जागेवर हवं, आणि रिचार्ज विसरून नंबरच घालवणारं नको.

सुरुवात योगेंद्रपासून झाली. मुलगा डब्लिनला गेला, फोन आईजवळ राहिला. मग शेजाऱ्यांनीही आपापल्या पोरांचे आणून ठेवले. गावाला जाताना तुळशीला पाणी घालायला सांगतात ना, तसे.

कमलबाई धुळ्याकडच्या. रागावल्या की अहिराणीवर येतात. त्यांचा नियम एकच, पण कडक: मेसेजवर ओटीपी मिळणार नाही. ज्याचा नंबर त्यानंच बोलायचं, आणि जाण्याआधी ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. उत्तर असं, की घरच्यांनाही ठाऊक नसावं. लोक हसले. हसू देत. फसलेल्यांच्या गोष्टी हेच लोक चवीनं सांगतात.

कॉलनीतले कन्हैयालाल शेठ तर स्वतःच फसले होते. कुणी गोड आवाजात 'बँकेतून बोलतोय' म्हणालं आणि शेठजींनी आकडे सांगून टाकले. म्हणून नात प्रियल जर्मनीला निघाली तेव्हा तिनं फोन घरी न ठेवता कमलबाईंकडे दिला. तिथून ती गमती कळवायची. दारावरच्या पेटीला नाव चिकटवलं नाही तर पत्र परत जातं, हे ऐकून कमलबाई म्हणाल्या, "आपला पोस्टमन बापाचं नाव विचारत स्वयंपाकघरापर्यंत येतो."

त्या दिवशी कमलबाई भाकरीसाठी कळण्याचं पीठ मळत होत्या, तेवढ्यात शेठजी धापा टाकत आले.

"कमलबाई, प्रियलची गुणपत्रिका त्या सरकारी ॲपमधून काढायचीय. कागदाचा फोटो तिथं चालत नाही. आज विद्यापीठाची खिडकी बंद व्हायच्या आत दिली नाही तर प्रवेश गेला!"

तोवर कमलबाईंचा फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून शेठजींनीच तो उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडून घोगरा, फाटका आवाज आला, "अक्का, मी प्रियल. ओटीपी आला का?"

"तुना आवाज असा काबर शे?"

"थंडीनं घसा बसलाय. अक्का, लवकर!"

घसा बसल्याचं सोंग कुणीही करू शकतं. प्रश्न विचारायलाच हवा होता. पण तो प्रश्न शेठजींसमोर? कमलबाई म्हणाल्या, "शेठजी, जरा बाहेर नळ आला का बघता?"

"माझ्या नातीचा प्रवेश जातोय आणि मी नळ बघू?"

ते हलले नाहीत. फळीवरच्या प्रियलच्या फोनवर मेसेज चमकला. थोड्याच वेळात तो बाद होणार होता.

"बोल," कमलबाई म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडे अभ्यासाला यायचीस, तेव्हा काय खायचीस?"



"अक्का, दादाजी तिथं आहेत?"

"आहेत. फोन त्यांच्याच हातात आहे."

"मग दुसरं काहीतरी विचारा ना!"

"दुसरं विचारलं तर तू प्रियलच आहेस हे मला कसं कळणार? खिडकी बंद होईल, पोरी."

एक मोठा श्वास ऐकू आला. मग तो घोगरा आवाज भरभर बोलला, "वांग्याचं भरीत. कांद्याची पात घातलेलं. तिखट. आणि वर तेल मागून घ्यायचे."

शेठजींच्या घरात कांदा आणि वांगं उंबऱ्याच्या आत येत नाही.

कमलबाईंनी पिठाच्या बोटानं फळीवरचा फोन ओढला आणि आकडे दोनदा वाचले. पलीकडे खटखट झाली, कुणाशी तरी जर्मनमध्ये बोलणं झालं आणि मग तो फाटका आवाज ओरडला, "घेतली! अक्का, घेतली त्यांनी!" जरा थांबून हळूच, "दादाजी..."

"घशाला गरम पाणी घे," शेठजी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

ते ओट्याजवळ तसेच उभे राहिले. कमलबाई परातीत बघत पीठ मळत राहिल्या. दारापर्यंत जाऊन शेठजी वळले.

"कमलबाई, प्रियलचा प्रश्न बदलून घ्या. याचं उत्तर आता घरच्यांना माहीत झालं."