तुळशीराममामांचा हुंकार

मोताळ्याला तुळशीराममामांकडे चहाला जाणं सोपं, उठणं कठीण. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. ते गोष्ट सांगायला लागले की ऐकणाऱ्याने वाक्यागणिक "हूं" म्हटलंच पाहिजे, असा दंडक होता. हुंकार चुकला की मामा जागच्या जागी थांबत. "गोष्ट काय एकट्याची असते बे? मी ओढतो, तू ढकल!"

सत्तरी उलटल्यावर एकदा आठवडी बाजारात गोष्ट सांगताना, चोरीला गेलेला बैल दोर तोडून परत येतो त्या ऐन जागी, मामांची जीभच वळेना. घटकाभराने वळली. मुंबईला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस तुंबली आहे. ती साफ केली नाही तर पुढचा झटका वाचा घेऊन जाईल, आणि करायला जावं तर या वयात जिवाचा भरवसा नाही. मराठी राज्य नुकतंच झालं होतं आणि आपल्याकडे ही शस्त्रक्रिया राज्याहून नवी. मामी रडायला लागल्या.

"रडून काऊन राह्यली?" मामा म्हणाले. "पाय गेला तं खाटेवर बसून बोलीन. जीभ गेली तं मी मेलोच. कापू दे त्याले."

भूल मानेपुरतीच होती. मेंदूला रक्त पोचतंय की नाही हे कळावं म्हणून डॉक्टरांनी मामांना सतत बोलत राहायला सांगितलं. असं त्यांना जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. मी बाहेर निर्धास्त बसलो.

थोड्या वेळाने नर्स धावत आली. "आजोबा गप्प झालेत! हाका मारल्या तरी बोलत नाहीत. डॉक्टर घाबरलेत."

मी उठून विचारलं, "कुठे थांबले?"

"बैलाचा दोर की काहीतरी..."

"तुम्ही कोणी हूं म्हणत होता का?"

"हूं? ते कशाला?"

"अहो, आधी जाऊन हूं म्हणा!"

ती आत पळाली. दोन-तीन जणांचा घाबरा "हूं" ऐकू आला आणि पाठोपाठ मामांचा आवाज, "हाव, आता कसं! तं मंग त्या बैलानं..." मी भिंतीला टेकून हसलो, रडलोही.

निघताना मामा सर्जनला म्हणाले, "हात चांगला हाये तुमचा. पण गोष्ट आयकता येत नाही तुमाले."

पुढे मामा बरीच वर्षं बोलले. गेले ते घरीच, साध्या तापाने. बैलाचीच गोष्ट चालली होती. दोरापाशी येऊन थांबले. मी "हूं" म्हणालो. मामी म्हणाल्या. दारातले शेजारीही म्हणाले. एवढे हुंकार मिळूनही मामा गप्प राहिले, असं पहिल्यांदाच झालं.