हिरवा मणी फिरत होता

कूलरचा पंप बंद केला तरी वाळ्याच्या ताट्यांमधलं पाणी लगेच थांबत नाही. थोडा वेळ ते ठिबकत राहतं, त्यांचा ओला गंध खोलीत रेंगाळतो, आणि मग उरते नुसत्या पंख्याची कोरडी, रिकामी घरघर. हा आवाज मला कित्येक वर्षं सोसत नाही. का सोसत नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. विषय त्या बाजूला वळू लागला की मी उठून अंगणात जातो आणि तुळशीच्या पानांवरची कोळशाची काजळी पुसत बसतो. आज उठणार नाही. घडलं तसं लिहायचं, हे ठरवूनच कागद पुढे ओढला आहे.

आमच्याकडच्या उन्हाळ्याचं एक शास्त्र शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आभाळ भरून आलं, हवा चिकट झाली, की कूलरचा पंप बंद करायचा आणि नुसता पंखा ठेवायचा. हात आपसूक बटनाकडे जातो, डोक्याला विचारत नाही. माणसाच्या सवयी त्याच्यापेक्षा शहाण्या असतात असं म्हणतात. खरंच असतात का?

माझी नोकरी माजरीच्या कोळसा खाणीत, भूमिगत भागात गेली. तिथे शेवटच्या गाळ्यापर्यंत ताजी हवा पोहोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. खाणीतल्या माणसाला हवा म्हणजे प्राण आणि पाणी म्हणजे वैरी. भिंतीला ओल दिसली की आम्ही हातातलं काम टाकून मागे सरायचो. पंख्याचा दूरचा घुमारा ऐकू आला की आईनं पाठीवरून हात फिरवावा तसं वाटायचं. मी निवृत्त झालो, पण ती हवा डोक्यातून गेली नाही.

म्हणूनच माझी मुलगी वंदना हिनं घरी जुळवत असलेला कॉम्प्युटर पाण्यानं थंड ठेवायचं काढलं, तेव्हा मी भडकलो. ती तंत्रनिकेतनातून नुकतीच बाहेर पडली होती. नागपूरहून एकेक सुटा भाग आणून तिनं समोरच्या खोलीत यंत्र उभं केलं होतं, आणि त्याच खोलीत तिला कॉम्प्युटर जुळवून विकण्याचं दुकान टाकायचं होतं. प्रोसेसर म्हणजे यंत्राचं डोकं. ते चालू लागलं की तापतं. त्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा बसवायचा, ही सरळ रीत. तिनं तीही करून पाहिली होती. पण आमच्या वसाहतीत पंखा आठवडाभर फिरला की पात्यांच्या फटी काळ्या भुकटीनं बुजत आणि यंत्र बंद पडे.

मी म्हणालो, "पानी आन करंट एका डब्यात? तू काय करून राह्यली, तुले समजते का?"

तिनं शांतपणे उत्तर दिलं, "बाबा, तुमची हवा माजरीची आहे. तिच्यासंग कोळसा येते. पानी नळीतल्या नळीत फिरते, बाहेरचं काईच आत घेत नाई."

ती थांबली नाही. भद्रावतीच्या लेथवाल्याकडून तिनं प्रोसेसरवर बसवायला तांब्याची पोकळ डबी करून घेतली, तापलेलं पाणी निववायला भंगारातल्या जीपची हीटरची जाळी आणली, गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी जोडली, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी एका बरणीत भरलं आणि त्यात कूलरला लावतात तसलाच एक छोटा पंप सोडला. पाणी फिरतंय की नाही हे एका नजरेत कळावं म्हणून बरणीत तिच्या आईच्या तुटलेल्या माळेतला एक हिरवा मणी टाकला. पंप चालू असला की मणी गरगर फिरायचा. शेजारचे गोविंदभाऊ दारातूनच हसले, "भाऊ, पोरगी कॉम्प्युटरले आंघोळ घालून राह्यली म्हंते!"

मीच अट घातली. नवतपाचे दिवस तोंडावर होते, सूर्य डोक्यावर विस्तव ओततो ते नऊ दिवस. तेवढे दिवस यंत्र एकदाही बंद न पडता चाललं, तर समोरची खोली तुझी, नाहीतर डी.एड.चा अर्ज भरायचा. तिनं मान हलवली आणि यंत्र सुरू केलं.

आणि ते चाललं! बाहेर पाखरं झाडावरून पडावीत असं ऊन, आणि त्या डब्यातून साधा उसासाही नाही. मी येता-जाता डोकावत असे, आणि खोटं कशाला बोलू, मनातून ओल शोधत असे. थेंबभरसुद्धा सापडली नाही. पुढे मला उमगलं की हवा बोलकी असते. पंखा थकला तर कुरकुरतो, ओरडतो, घरभर सांगतो. पाणी मुकाट्यानं दूरवर उष्णता वाहून नेतं, आणि थांबतं तेही मुकाट्यानंच. पाण्यावर भिस्त ठेवणाऱ्याला कुणाची तरी जागी नजर लागते.

ती नजर शेवटच्या दुपारी तिनं माझ्याकडे सोपवली. दुकानाची पाटी रंगवणाऱ्याकडे जायचं होतं. चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, मन्याकडं ध्यान ठेवजा."

ती गेली आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसता कोंदट अंधार. मी यंत्राजवळच्या खाटेवर पडल्या पडल्या हात वर केला आणि कूलरच्या पंपाचं बटन बंद केलं. त्या बोर्डावर दोन बटनं शेजारी शेजारी होती, एक कूलरच्या पंपाचं, दुसरं वंदनाच्या बरणीतल्या पंपाचं. डोळा लागला. जाग आली ती जळक्या वासानं. कॉम्प्युटरचा पडदा काळा, नळी मऊ पडलेली, बरणीच्या तळाशी मणी निश्चल. कूलरचं पाणी मात्र ताट्यांवरून खुशाल ओघळत होतं.

इथपर्यंत घडली ती चूक. चूक कुणाच्याही हातून होते. पण फाटकाची कडी वाजली आणि मी ते बटन पुन्हा चालू केलं. ती दारात आली तेव्हा हिरवा मणी फिरत होता.

तिनं सगळं उघडलं. जोड तपासले, डबी कानाशी लावून हलवली, नळीचा प्रत्येक वळसा बोटांनी चाचपला. दोष असता तर सापडला असता! नसलेला दोष शोधत निघालेला माणूस शेवटी कुठे पोहोचतो? स्वतःपाशी. गोविंदभाऊ मला म्हणाले, "भाऊ, तुमचंच खरं निंघालं," आणि मी ते ऐकून घेतलं. वंदनानं न सांगता अर्ज भरला. पाटी तिनं आणलीच नाही.

आज ती गडचिरोलीकडे एका आश्रमशाळेत शिकवते. संसार सुखाचा आहे, मुलं तिला जीव लावतात. आणि या सुखाआड मी इतकी वर्षं दडून बसलो. परवा सुट्टीत आली होती. कूलरसमोर केस वाळवत सहज सांगू लागली की शाळेत कॉम्प्युटर आले, मुख्याध्यापकांनी त्यांची खोली तिला सांभाळायला सांगितलं, पण तिनं नकार दिला. "मशीनचं मले जमत नाई, बाबा. तुमाले तं माईतच आहे."

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं होतं. बाहेर आभाळ आलं होतं, आणि मी म्हणालो, "पंप बंद करू काय?" ती हो म्हणाली. पाणी थोडा वेळ ठिबकलं आणि थांबलं.

पुढच्या सोमवारी तिची शाळा उघडते. तिथली कॉम्प्युटरची खोली अजून कुणाकडे गेलेली नाही. हा कागद त्याआधी तिच्या हातात पडेल. मी स्वतः एस.टी.नं घेऊन जाणार आहे. तिच्यासमोर उभा राहिलो की तोंडातून पुन्हा भलतंच निघेल, हे मला माहीत आहे. म्हणून जे कधी बोलता आलं नाही, ते इथेच लिहून ठेवतो:

वंदू, माय, ते बटन म्या बंद केलं होतं, आन तू आली तवा म्याच चालू केलं. तुह्या पान्यात काईच खोट नवती. मले माफ कर.