खांदशेकणीचं तूप

नत्थुजींना कुणी हसलेलं खपत नाही. बाकी माणूस लाखात एक. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि बागेत पाणी प्यायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही. पण कुणी जरा गंमत केली की त्यांचं तोंड उतरतं, आणि एकदा तोंड उतरलं की मग जिभेला हाड राहत नाही. गेल्या वर्षी या स्वभावानं त्यांना कुठंच तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती. माझं घर त्यांच्या घराला लागून आहे, म्हणून ही गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

गुडघे साथ देईनात तेव्हा नत्थुजींनी बैलजोडी विकली. अकोल्याला नोकरी करणाऱ्या मुलानं, अमोलनं, बागेतलं तण काढायला एक छोटा ट्रॅक्टर आणून दिला. कमरेएवढ्या उंचीचा, पेट्रोलवर चालणारा, मागून मुठी धरून चालवायचा. टेम्पोतून ट्रॅक्टर खाली उतरवला तशी नत्थुजींनी सवयीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. अमोल सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, हा बैल नाही. याले वैरण टाकू नका." गडीमाणसंही हसली. नत्थुजी दोन दिवस पोराशी बोलले नाहीत, पण ट्रॅक्टर मात्र त्यांनी कोठ्यात बैलांच्याच जागेवर उभा केला.

शेजारचा केळीचा मळा ताहेरभाईंचा. हे दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. आषाढात ताहेरभाईंनी एका दिवसासाठी ट्रॅक्टर मागून नेला, आणि संध्याकाळी धुऊनपुसून, टाकीत पेट्रोल घालून परत आणून लावला. मग पावसानं जोर धरला. आमच्या काळ्या जमिनीत त्या दिवसांत माणसाची चप्पल रुतून बसते, तिथं यंत्र काय चालणार? ट्रॅक्टर दिवाळीपर्यंत कोठ्यातच राहिला.

दिवाळीला अमोल घरी आला आणि बागेत फिरवावा म्हणून ट्रॅक्टर बाहेर काढला. दोरी ओढली, तर इंजिन हूं की चूं करेना. त्यानं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. हवेची जाळी झटकली. कार्ब्युरेटर खोलून फुंकून पाहिला. ओढून ओढून पोराचा खांदा भरून आला. शेवटी त्यानं इंजिनाच्या माथ्यावरच्या प्लगकडे हात नेला, तर नत्थुजी एकदम पुढं झाले. तिथं हात लावू नको, ते मी पाहिलंय, ते ठीक आहे, असं म्हणून त्यांनी त्याला बाजूलाच केलं. मग बिघडलं काय, असं अमोलनं वैतागून विचारलं. शेवटी कुणी चालवला होता, हेही विचारलं.

नत्थुजींनी ताहेरभाईंचं नाव घेतलं. तेवढ्यावर थांबते तर निभावलं असतं. पण त्याच संध्याकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ते चारचौघांत बोलून बसले, की ताहेरनं टाकीत रॉकेल मिसळलेलं पेट्रोल भरलं आणि माझ्या इंजिनाची वाट लावली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही त्याच्याबद्दल हे बोलणं! मी तिथंच होतो. माझाच चहा कडू झाला.

सकाळी ताहेरभाई कोठ्यात हजर. चेहरा दगडासारखा. त्यांनी दोरी ओढून पाहिली, आणि सरळ प्लगवरची रबरी टोपी उपसली. आत पिवळा, घट्ट थर होता. मुंग्या चिकटलेल्या. टोपीखालची तार उंदरांनी पार कुरतडून टाकलेली. ताहेरभाईंनी बोट फिरवून नाकाशी नेलं. हळद आणि तूप.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तीच खांदशेकणी. वर्षभर जू वाहून आवळलेल्या त्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, आणि कानाशी लागून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नत्थुजींच्या घरी बैल उरले नव्हते, पण तो दिवस काही त्यांना गप्प बसू देईना. वाटी घेऊन, कुणाच्या नकळत, ते कोठ्यात गेले होते. या यंत्राचा खांदा कुठला, ते त्यांना कळेना. माथ्यावर उंचवटा दिसला, त्यालाच त्यांनी खांदा मानला. टोपी काढून आतूनबाहेरून मनापासून तूप चोळलं, टोपी परत बसवली आणि आवतनही दिलं. त्यानं यंत्र बंद पडेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पोराला हळद दिसेल आणि तो पुन्हा हसेल, एवढ्याच धाकानं त्यांनी दिवाळीत त्याचा हात अडवला होता.

ताहेरभाईंना सगळं उमगलं. पोळ्याच्या गावात वाढलेला माणूस, त्याला काय सांगावं लागतं? अमोल मागून येऊन काय सापडलं म्हणाला, तेव्हा त्यांनी रुमालानं टोपी आतून स्वच्छ पुसून घेतली.

"उंदरायनं तार खाल्ली. दुसरी टाक," एवढंच बोलून ते निघून गेले.

नत्थुजी खाली मान घालून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. हसं झालं असतं तर ते रागावले असते, भांडले असते. पण ज्याला चोर ठरवलं त्यानंच आपली लाज झाकली, याचं करायचं काय, ते त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याच चौघांपुढं त्यांनी सांगून टाकलं, की तूप मी लावलं होतं, ताहेरचा काही दोष नाही. लोक पोट धरून हसले. ट्रॅक्टर हंबरला का, असंही एकानं विचारलं. नत्थुजी हलले नाहीत. सगळं हसू संपेपर्यंत उभे राहिले आणि मग घरी गेले.

पण ताहेरभाईंकडं जायची काही त्यांची छाती झाली नाही. मळ्यावरचा रस्ता सोडून ते पुढचे नऊ-दहा महिने नाल्याच्या बाजूनं लांबचा फेरा घालून बागेत जात. दुखरे गुडघे घेऊन. मी समजावलं, तर म्हणाले, "कोन्त्या तोंडानं जाऊ?"

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते ओसरीवर वाटी घेऊन बसलेले मला दिसले. तूप थिजून गेलं होतं. कोठ्यात जावंसं वाटत होतं आणि पाय उठत नव्हते. तेवढ्यात फाटक वाजलं. ताहेरभाई आत आले आणि त्यांनी वाटी हातातून घेतली. नत्थुजी उठून मागोमाग गेले.

कोठ्यात ताहेरभाईंनी ट्रॅक्टरच्या दोन्ही मुठींना तूप-हळद चोळली. मग वाटी पुढं केली.

"भाऊ, खांदा इथं असते याचा. आता आवतन तुमी द्या."

नत्थुजींनी मुठीवर हात ठेवला. मग ते बोलले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते बोलताना त्यांचं तोंड ट्रॅक्टरकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताहेरभाई जेवायला आले.